माणदेशात पाऊस कमी का, आणि पडतो तो जातो कुठे?

ऑगस्ट २०१९ सातारा जिल्ह्यातल्या लोकांच्या चांगलाच लक्षात असेल. कोयना-कृष्णेला महापूर आला होता. कराड-पाटणच्या घरांत पाणी शिरलं होतं, पुढे सांगली-कोल्हापूर तर कितीतरी दिवस पाण्यात होतं. टीव्ही लावला की होड्या दिसायच्या. आणि त्याच दिवसांत, त्याच सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात चारा छावण्या चालू होत्या, गावागावांत टँकर फिरत होते. माझं आजोळ माणमधलं. मामांना फोन केला तर म्हणाले, "तिकडचं पाणी टीव्हीवर बघतोय बघ. इकडं आभाळ नुसतं पळतंय."

मला या "आभाळ पळतंय"पासूनच सुरुवात करायची आहे. कारण आभाळ नव्हतं, ढग नव्हते, असं मामा म्हणाले नव्हते. ढग होते. ते थांबत नव्हते.

माण हा जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा तालुका. दहिवडी हे तालुक्याचं ठिकाण, म्हसवड ही बाजारपेठ. माण नदी, जिला सगळे माणगंगा म्हणतात, ती याच तालुक्यात कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि आटपाडी, सांगोला करत पंढरपूरच्या बाजूला भीमेला मिळते. या नदीच्या दोन्ही अंगाचा मुलूख तो माणदेश. वर्षाचा पाऊस सरासरी साडेचारशे-पाचशे मिलिमीटर.

आता इथून पश्चिमेला बघा. दहिवडीपासून महाबळेश्वर सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महाबळेश्वरहून घाटाने खाली उतरायला लागलं की वीसेक किलोमीटरवर पाचगणी. तिथे हा आकडा एकदम तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की सातशे-आठशे. एसटीने तासाभराचा रस्ता, आणि पाऊस सातपटींनी कमी. पावसाळ्यात हा प्रवास केलेल्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं: महाबळेश्वरला काचेबाहेर काही दिसत नाही, पाचगणीत वायपर हळू होतो आणि वाईच्या स्टँडवर उतरताना छत्री उघडावी की नको असा प्रश्न पडतो.

याला आपण पर्जन्यछाया म्हणतो. शाळेत सगळ्यांनी हा शब्द पाठ केलेला असतो: वारे सह्याद्रीला अडतात, पश्चिमेला पाऊस पाडतात, पूर्वेला कोरडे होऊन येतात. हे बरोबर आहे, पण अर्धवट आहे. त्या अर्धवटपणातून एक गैरसमज झालाय, की माणच्या डोक्यावर येणाऱ्या हवेत पाणीच नसतं.

हिशेब करून बघू. हवेत किती वाफ मावते हे तिच्या तापमानावर ठरतं. समुद्रावरून येणारी हवा २८ अंशांची धरली तर एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. हीच हवा सह्याद्री चढून बारा-तेराशे मीटर उंचीवर गेली आणि २० अंशांपर्यंत गार झाली, की तिच्यात १७ ग्रॅमच मावते. उरलेली दहा ग्रॅम वाफ पाणी होऊन बाहेर पडते. घाटमाथ्यावरचा पाऊस तो हा. म्हणजे बरीच वाफ गेली, पण त्याहून जास्त अजून हवेत शिल्लक आहे. ती घेऊनच हवा पूर्वेला सरकते.

मग माणमध्ये ती पडत का नाही? कारण पाऊस पडायला नुसती वाफ पुरत नाही, हवा वर चढावी लागते. वर चढली तर गार होते, गार झाली तर वाफेचं पाणी होतं. घाटात डोंगरच हवेला वर ढकलतो. घाट ओलांडल्यावर मात्र पठार सहा-सातशे मीटरवर खाली येतं, हवाही थोडी खाली उतरते आणि खाली उतरणारी हवा तापते. तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद पुन्हा वाढते. ढग विरळ होतात. जे उरतात ते ठेंगणे, पाच-सात हजार फुटांवरचे राखाडी पुंजके.

त्यात भर वाऱ्याची. जून ते ऑगस्ट या काळात समुद्रसपाटीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर पश्चिमेच्या वाऱ्याचा फार जोरदार पट्टा असतो. पाटणच्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि चाळकेवाडीला पवनचक्क्यांचं रान उभं राहिलं ते याच वाऱ्याच्या भरवशावर. हा वारा ढगांना उंच वाढू देत नाही. ढग उभा वाढायच्या आत पुढे ढकलला जातो. खाली शेतात उभं राहिलं तर सावली येते-जाते, दोन-चार थेंब अंगावर पडतात, धुळीचा वास येतो, संपलं. हेच ते पळणारं आभाळ. हवामानशास्त्राची पुस्तकं जे दोन पानांत सांगतात ते शेतकऱ्याने दोन शब्दांत सांगितलंय, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट नकाशावर बघण्यासारखी आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाल तसा पाऊस कमीकमी होत जातो असं नाही. सगळ्यात कोरडा पट्टा घाटापासून साधारण पन्नास ते दीडशे किलोमीटरवर उभा पसरलाय: सिन्नर, नगरचा दक्षिण भाग, पुरंदर-बारामतीचा जिरायत भाग, फलटण, खटाव, माण, आटपाडी, सांगोला, कवठेमहांकाळ, जत. त्याच्या पूर्वेला सोलापूरच्या पुढे पाऊस पुन्हा वाढत जातो आणि नांदेड, विदर्भापर्यंत तो चांगलाच होतो. कारण तिकडे बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे पट्टे पोचतात. माण दोन्ही समुद्रांच्या मधोमध सापडलाय. अरबी समुद्राचा पाऊस घाटावर संपतो, बंगालचा येता येता दमतो.

यामुळेच इथलं पावसाचं वेळापत्रकही वेगळं आहे, आणि माझ्या मते माणचं हवामान समजून घ्यायचं तर वर्षाच्या आकड्यापेक्षा हे वेळापत्रक जास्त महत्त्वाचं. मुंबई-कोकणात जुलै हा भर पावसाचा महिना. माणमध्ये जुलै-ऑगस्ट हा ओढीचा काळ. पावसाला इथे दोन टोकं आहेत. एक जूनमध्ये, मृगाच्या सुमारास. दुसरं आणि मोठं सप्टेंबरमध्ये, उत्तरा-हस्ताचं. मधली नक्षत्रं, पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, इथे बहुतेक वेळा नावापुरतीच. नुसती भुरभुर. मृगात पेरलेली बाजरी उगवते, वीतभर होते आणि मग महिना-महिना आभाळाकडे बघत उभी राहते.

सप्टेंबरमध्ये काय बदलतं? पश्चिमेचा वारा पडतो. जमिनीला ऊन लागतं, दुपारपर्यंत रान तापतं, तापलेली हवा सरळ वर चढते. आता तिला डोंगराची गरज नसते, ऊनच तिला वर ढकलतं. पूर्वेकडून बंगालच्या उपसागराची ओलही पोचू लागते. चारच्या सुमारास पूर्वेला काळंकुट्ट डोंगरासारखं आभाळ उभं राहतं, वीज चमकते आणि तासाभरात ओढे वाहून जातात. हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस म्हणतात तो हा. माझी आज्जी गौरी-गणपतीच्या दिवसांत पश्चिमेकडे बघायचीच नाही. "आता आपलं आभाळ उगवतीकडनं येतंय," म्हणायची. वाऱ्याची दिशा बदलली, हे तिला कुठल्याही उपग्रहाने सांगितलं नव्हतं.

अशा पावसाचं एक दुखणं असतं. तो उभ्या ढगाचा पाऊस असल्यामुळे एका शिवारात धो-धो आणि शेजारच्या शिवारात कोरडं असा पडतो. मंडलात एक पर्जन्यमापक असतो, त्यात ६० मिलिमीटर नोंदले जातात आणि सहा किलोमीटरवरच्या वाडीत धूळ उडत असते. विम्याची आणि अनुदानाची भांडणं इथूनच सुरू होतात आणि त्यात शेतकरी खोटं बोलत असतो असं नाही. शेतकरी आणि पर्जन्यमापक, दोघंही खरं बोलत असतात.

आता "उष्ण, निमशुष्क" हा शिक्का कसा मारतात ते बघू, कारण त्यात एक सुंदर युक्ती आहे. व्लादिमिर कोपेन नावाचे शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात रशियात जन्मले, पुढे जर्मनीत काम करत राहिले. ते मूळचे वनस्पतींचे अभ्यासक. त्यांना प्रश्न पडला की कुठल्या हवेत झाड जगतं आणि कुठल्या हवेत नुसतं गवत-काटेरी झुडूप. त्यांच्या लक्षात आलं की पावसाचा एकटा आकडा काही सांगत नाही. थंड देशात ४५० मिलिमीटर पावसावर घनदाट जंगल उभं राहतं. उष्ण देशात तेवढ्यावर बाभूळ जेमतेम जगते. म्हणून पाऊस नेहमी उष्णतेच्या शेजारी ठेवून मोजायचा.

सूत्र अगदी सोपं आहे. वर्षाचं सरासरी तापमान घ्या, त्याला २० ने गुणा. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पडत असेल तर त्यात २८० मिळवा. माणचं सरासरी तापमान २५ अंश धरलं तर २५ गुणिले २० म्हणजे ५००, अधिक २८०, झाले ७८०. ही झाली रेघ. पाऊस ७८० मिलिमीटरच्या वर असता तर हवामान कोरडं नाही. रेघेच्या निम्म्याहून, म्हणजे ३९० हून कमी असता तर सरळ वाळवंट. माणचे साडेचारशे-पाचशे या दोन्हींच्या मधे, म्हणून निमशुष्क. आणि वर्षाचं सरासरी तापमान १८ च्या वर, म्हणून उष्ण. गंमत म्हणजे पुणे शहर हेच सूत्र लावून मोजलं तर रेघेच्या अगदी काठावर, किंचित आतल्या बाजूला येतं. पुण्याला खडकवासल्याचं पाणी आहे म्हणून ते जाणवत नाही, इतकंच.

या सूत्राच्या मागची गोष्ट खरी महत्त्वाची: आभाळ देतं किती आणि आभाळ परत मागतं किती. परत मागणं म्हणजे बाष्पीभवन. ऊन, वारा आणि कोरडी हवा मिळून वर्षभरात या भागातून दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाणी ओढून घेऊ शकतात. म्हणजे येतं त्याच्या तिप्पट मागणी. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटीमीटर, कधी त्याहून जास्त, नुसत्या उन्हाने उतरते. म्हणून मला प्लॅस्टिक अंथरलेल्या, विहिरीतून उपसून भरलेल्या शेततळ्यांचं फार वाईट वाटतं. जमिनीखाली, सावलीत असलेलं पाणी वीज खर्चून वर आणायचं आणि उन्हात पसरून ठेवायचं. पावसाचं वाहून जाणारं पाणी तळ्यात साठवलं तर गोष्ट वेगळी. पण भूजल उपसून तळं भरणं म्हणजे मीठ पावसात ठेवणं.

तरीही साडेचारशे मिलिमीटर हा आकडा लहान नाही. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की बरोबर दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे आपला नेहमीचा एक टँकर. ४५० मिलिमीटर म्हणजे दर हेक्टरी ४५० टँकर. एकराचा हिशेब हवा तर १८० च्या वर. ज्या गावाला उन्हाळ्यात दिवसाला दोन टँकर येतात म्हणून लोक रांगा लावतात, त्याच गावात प्रत्येक एकरावर पावसाळ्यात १८० टँकर रिकामे झालेले असतात. मग ते गेले कुठे?

काही उन्हाने नेले. पाच मिलिमीटरची सर तापलेल्या रानावर पडली तर संध्याकाळपर्यंत तिचा मागमूस राहत नाही. वर्षात अशा किती सरी येतात! त्या सगळ्या सरासरीत धरल्या जातात आणि पिकाच्या मुळाला त्यातला थेंबही लागत नाही. काळ्या रानात दहा मिलिमीटर पावसाने तीन-चार बोटं ओल जाते. पेरायचं तर हातभर ओल हवी. म्हणून शेतकरी "पाऊस किती झाला" हे मिलिमीटरमध्ये सांगत नाही, ओलीत सांगतो. कोपरापर्यंत हात मातीत घालून.

काही ओढ्याने नेले. तासात साठ मिलिमीटर पाऊस पडला तर जमिनीला एवढं पाणी एकदम पिता येत नाही. आणि माणमधली निम्मी रानं माळाची, मुरमाड. वर वीतभर माती, खाली मुरूम. अशी जमीन चार-पाच सेंटीमीटर पाऊस साठवते, पुढचं सोडून देते. नदीकाठची काळी, दोन-तीन हात खोल जमीन मात्र त्याच्या चार-पाचपट ओल धरून ठेवते. त्याच पावसावर काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पिकतो आणि माळाला हुलगासुद्धा करपतो. तेव्हा एकाच गावात हवामान एक असलं तरी दोन शेतकऱ्यांचं वर्ष एक नसतं.

काळ्या जमिनीचं आणखी एक वागणं सांगायलाच हवं. ती वाळली की फुटते. भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. या भेगा म्हणजे जमिनीच्या पोटातली ओल बाहेर पडायची धुराडी. आमचे मामा शाळू गुडघ्याएवढा झाला की कोळपं घेऊन बसायचे. मी लहानपणी विचारलं होतं, तण तर नाही, मग कोळपता कशाला? त्यांनी वाकून वरची भुसभुशीत माती बाजूला सारली. खाली माती काळी, गार, ओली. "ही वरची माती म्हणजे वाकळ. वाकळ पांघरली की ओल झोपून राहती." एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, अशी म्हण आहे. ती उगाच नाही. कोळपल्याने भेगा बुजतात, वरच्या थराचा खालच्या थराशी असलेला बारीक नळ्यांसारखा संबंध तुटतो आणि पाणी वर चढायचं थांबतं.

शाळू हे पीकच या हिशेबावर उभं आहे. मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, जेव्हा पाऊस संपत आलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. चार महिने तिला वरून जवळजवळ काही मिळत नाही. हस्ताने जमिनीत ठेव ठेवलेली असते, ती ठेव ज्वारी पुरवून पुरवून खाते. थंडीचे दिवस असल्यामुळे उन्हाची मागणीही निम्म्यावर आलेली असते. पाऊस पडायच्या काळात पीक घेण्यापेक्षा पाऊस पडून गेल्यावर घ्यायचं, ही रीत बाहेरून बघणाऱ्याला उलटी वाटते. इथल्या आभाळाला ती नेमकी जुळते.

आणि काही पाणी खाली मुरलं. पण खाली काय आहे? काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, दख्खनचा बेसाल्ट. गंगेच्या खोऱ्यात जमिनीखाली शेकडो मीटर वाळू आणि गाळ असतो, तो स्पंजासारखं पाणी धरतो. इथे खडकाच्या भेगा आणि वरचा कुजका मांजऱ्या, म्हणजे छिद्रांचा ठिसूळ खडक, एवढीच जागा. शंभर लिटर आकाराच्या खडकात दोन-तीन लिटर पाणी मिळालं तरी नशीब. म्हणून विहिरी एका मोठ्या पावसात तुडुंब होतात आणि मोटर लावली की तीन तासांत तळ दाखवतात.

म्हातारी माणसं सांगतात, बहात्तरच्या दुष्काळात खायला नव्हतं, पण प्यायला पाणी होतं. १९७२ मध्ये सुकडी आणि मिलोवर दिवस काढावे लागले, खडी फोडायला जावं लागलं, पण आडाला पाणी होतं. पुढे २०१२-१३ आली, रेशनवर धान्य होतं आणि पाणी नव्हतं. पाऊस काही चाळीस वर्षांत नाहीसा झाला नव्हता. मधल्या काळात बोअर आल्या. दोनशे, चारशे, सहाशे फूट. खडकाच्या भेगांत पिढ्यान् पिढ्या साठलेलं पाणी काही वर्षांत वर आलं. दोन्ही साली पाऊस कमीच होता, पण दुसऱ्या वेळी जमिनीखालची ठेव आधीच मोडलेली होती.

उन्हाबद्दल थोडंच सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. पण कोरड्या हवेचा एक फायदा असतो: रात्र गार होते. हवेतली वाफ ही पांघरुणासारखी उष्णता अडवते. मुंबईत ते पांघरूण जाड, म्हणून मुंबईत दिवसा ३४ आणि रात्रीही २७-२८. माणमध्ये पांघरूण पातळ. सूर्य मावळला की तासा-दोन तासांत वारा सुटतो, अंगणात टाकलेली बाज गार पडते आणि पहाटे चादर ओढावी लागते. थंडीत तर भर दुपारी ३० आणि पहाटे दहा-बारा असा फरक पडतो. डाळिंबाला हीच कोरडी हवा मानवली म्हणून आटपाडी-सांगोल्याचं नाव झालं. ज्या वर्षी हवेत दमटपणा राहतो त्या वर्षी तेल्या रोग बागा खाऊन टाकतो.

आता मला जे मनापासून म्हणायचं आहे त्याकडे येतो. आपण माणला दुष्काळी तालुका म्हणतो. सरकारी कागदावर अवर्षणप्रवण. १९७३ च्या सुखटणकर समितीपासून अशा तालुक्यांच्या याद्या होत आल्यात आणि त्यांची गरज होतीच, त्याशिवाय निधी आला नसता. पण दुष्काळ ही घटना असते. एखाद्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा फार कमी पडला तर तो दुष्काळ. १८७६ ते ७८, १९७२, २०१२, २०१८ ही दुष्काळाची वर्षं. पण माणमध्ये ४५० मिलिमीटर पाऊस पडला तर तो दुष्काळ नाही, ते माणचं नेहमीचं, चांगलं वर्ष आहे. कमी पाऊस हा इथला स्वभाव आहे, आजार नाही.

हा शब्दांचा खेळ वाटेल, पण त्याचे परिणाम पिकात दिसतात. कमी पावसाला आजार मानलं की त्यावर औषध म्हणून बाहेरून पाणी आणायचं, एवढंच सुचतं. पाणी आणायला माझा विरोध अजिबात नाही. उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी माण-खटावला यावं म्हणून इथल्या लोकांनी किती वर्षं वाट पाहिली ते मी पाहिलंय, आणि आंधळीच्या धरणात कृष्णेचं पाणी पडलं तेव्हा लोक नुसतं बघायला गेले होते. पण ते पाणी आल्याबरोबर कॅनॉलच्या कडेला ऊस उभा राहिला. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. इथल्या पावसाच्या चौपट. एक एकर उसाच्या पाण्यात कितीतरी एकर शाळू, करडई आणि हरभऱ्याचं एखादं संरक्षित पाणी निघालं असतं, म्हणजे ओढीच्या वीस दिवसांत पिकाला तगवणारं एक पाणी. माणमध्ये पीक जातं ते वर्षाच्या पावसाने नाही, त्या वीस दिवसांनी.

याउलट हवामान ओळखून केलेलं काम किती पुरतं, हेही इथेच दिसलं. २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलेलं गाव टाकेवाडी, माण तालुक्यातलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर, बांध, माती नालाबांध. म्हणजे धावत्या पाण्याला चालायला लावायचं आणि चालत्याला बसवायचं. १८० टँकरमधले ओढ्याने जाणारे टँकर अडवण्याचाच हा मार्ग. त्यालाही मर्यादा आहे. खडकात जेवढी जागा तेवढंच मुरणार, आणि मुरलेलं पाच बोअरनी उपसलं तर चर खोदून काही उपयोग नाही.

इथला स्वभाव ओळखून जगणारे आणखी लोक आहेत. धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात भात निघालेल्या खाचरांत बसवतात आणि मृगाच्या आधी परत येतात, कारण कोकणातल्या चिखलात मेंढराचे खूर सडतात. माणच्या कुसळी गवताचा माळ चार महिन्यांत जेवढं देतो तेवढं घ्यायचं आणि त्याला आठ महिने विश्रांती द्यायची. कागदोपत्री या माळाला पडीक म्हणतात. पावसाळा संपताना तिथे जाऊन बघा. कंबरेएवढं गवत, त्यात चंडोल, धाविक, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा. निमशुष्क हवामानात जंगल उगवत नाही, गवत उगवतं. माळ हेच इथलं जंगल. त्यावर खड्डे काढून झाडं लावायच्या योजना येतात, तीन वर्षांत रोपं वाळतात आणि गवतही गेलेलं असतं.

पुढे काय होणार? हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. म्हणजे पाऊस पडेल तेव्हा जोरात पडेल, आणि नसेल तेव्हा तीच तापलेली हवा जमिनीतली ओल जास्त जोराने ओढेल. सरासरीचा आकडा तसाच राहूनही वर्ष बिघडू शकतं. ज्या वर्षाबद्दल सुरुवातीला बोललो, ते २०१९ असंच गेलं. ऑगस्टपर्यंत छावण्या, आणि ऑक्टोबर सरता सरता परतीच्या पावसाने महाराष्ट्रभर काढणीला आलेल्या पिकांचं आणि बागांचं नुकसान. हिंदी महासागराची पश्चिम बाजू त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त तापली होती आणि पावसाने जायचंच नाव घेतलं नाही. वर्षाअखेर आकडा "सरासरीपेक्षा जास्त" असा लागला. मामांना तो वाचून दाखवला तर त्यांनी फक्त विचारलं, "त्यातला पोळ्याला किती होता?"

मागच्या हस्तात मी तिकडे होतो. दोन दिवस आधी चांगला पाऊस झाला होता, ओढ्याला गढूळ पाणी होतं. मामा सकाळी रानात गेले, खुरप्याने हातभर खड्डा केला, तळातली माती मुठीत घेऊन दाबली आणि मूठ उघडली. गोळा झाला होता, हाताला चिकटत होता. गोळा हलकेच खाली टाकला. तो फुटला नाही, नुसता चेपला. म्हणजे रान पेरायला अजून जास्तच ओलं. "अजून वापसा नाही. परवा पेरू," म्हणाले, आणि तिफणीचे फण बघायला खोपीकडे वळले.